आठ पोती

श्लोंस्कमध्ये आम्ही बायका
वार बघून नाही, वारा बघून कपडे धुवायचो.
कोकच्या भट्टीकडून सुटला, तर पिळे बादलीतच.
जंगलाकडून आला की सगळ्या गल्लीच्या दोऱ्या
एकदम भरायच्या, आणि ओटिलिया
लाल चौकटीच्या खिडकीतून ओरडायची:
आटपा गं, तासभरच आहे!
तरी चादरीवर बोट फिरवलं की बोट काळं.
परत उकळवा, परत नीळ, परत खळ.
काळं दिसायचं, म्हणून धुता यायचं.

मग भट्टी बंद पडली. वीजघराच्या चिमणीला
गाळण्या बसल्या. एका सोमवारी
चादर वाळली, ती जशी टाकली तशीच पांढरी.
मी अलोइझीला दाखवली. तो म्हणाला,
चला, कुणीतरी आभाळ धुतलं.

आणि आता ही हालश्का,
अर्धं डोकं भादरलेली, बोटांना सुया टोचलेल्या,
दारोदार चादरी मागत आली.
जुन्या चालतील, आजी. ठिगळाच्याही.
एकशे पाच जमल्या: चार भिंती, एक छत.
सव्वाआठ मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच
खोका, चौकात, क्रेनला टांगलेला.
संत बार्बाराच्या दिवशी खाणीचा बँड
पिसांच्या टोप्या घालून आला
आणि त्याला वळसा घालताना
ट्रॉम्बोनवाल्याचा सूर चुकला.

हे काय गं?
एक टन, ती म्हणाली. जो दिसत नाही, तो.
किती कोळशाचा?
आठ पोत्यांचा, आजी.

आठ पोती मला कळतात.
पेन्शनीतला कोळसा दारात ओतून जायचे,
तो फावड्यानं तळघरात मीच लोटला.
आठ पोती म्हणजे जानेवारीचा पंधरवडा.
म्हणजे रविवारचे बटाट्याचे उंडे,
अलोइझीचे शेकलेले पाय,
शेगडीच्या कडेला त्याच्या कबुतरांचे वाटाणे.

मी आत शिरले. पोरं धावत होती,
उजेड सायीसारखा.
माझी चादर उत्तरेच्या भिंतीत, खालून दुसरी,
कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दोघांची आद्याक्षरं.
मग सवयीनं मोजायला लागले, धुणं मोजतात तसं.
एका हिवाळ्याचे असे दहा खोके.
हिवाळे चौपन्न.
गल्ली भरली, चर्च झाकलं, कबुतरखाने झाकले,
ओटिलियाचे ठेवायला जागाच उरेना.

बाहेर कुणी म्हातारा तणतणत होता,
खाणीनं जेवू घातलं, आता तिलाच नावं ठेवता?
हालश्का शिडीवरून म्हणाली,
माझेही आजोबा खाणीतच होते.
आणि गाठ मारत राहिली. त्यावर
त्यालाही पुढे काही सुचलं नाही. त्यानं शिडी धरली.

आठवड्यानं चादर परत आली, घडी घातलेली.
स्वच्छ होती. तरी मी धुतली.
रात्री उणे अकरा. बादली घेऊन खाली गेले,
शेगडी पेटवली. न पेटवून कसं चालेल?
मग शाल घेतली आणि, आयुष्यात पहिल्यांदाच,
आपलंच धुराडं बघायला अंगणात उभी राहिले.

काही नव्हतं वर. थोडा धूर, तोही विरला.
फक्त धुराड्यामागचा एक तारा
जागच्या जागी थरथरत होता.
शेजारचे सगळे स्थिर.