छाटण

सांवेर रोडच्या लॅबमध्ये माझं काम
दाणे अंधारात नेण्याचं.
झाकण बंद, जांभळा दिवा चालू,
आणि काचेला डोळा लावून बसायचं.
शंभरात नव्याण्णव दाणे नुसते दाणे असतात.
एखादा निळसर उजळतो,
लांबच्या गच्चीवर कुणी आकाशकंदील
दिवाळी संपल्यावरही विसरावा तसा.
सुंदर दिसतो.
हे मी रिपोर्टात लिहीत नाही.

मिलमधला संप लांबला त्या वर्षी
आई छावणीतून छाटण आणायची.
चांगला माल ट्रकनं बाहेरगावी,
उरलेले सुरकुतलेले, टोकाशी काळे
छाजेड सेठ पिशवीत ओतायचा,
काट्याकडे न बघताच.
आई ते भाजायची, पाखडायची, कुटायची.
कुटात दाणा ओळखू येत नाही.
भेंडीत कूट, काकडीत कूट,
चतुर्थीच्या खिचडीत मूठभर जास्त.
आम्ही दोघं एका ताटात.
अख्खा दाणा खवट लागला की मी थुंकायचे,
अच्युत गिळायचा.
"अन्न टाकू नये गं," म्हणायचा, हुबेहूब आईच्या आवाजात,
नऊ वर्षांचा.

म्हणजे एवढंच का?
नाही. कूट तर मीही खाल्लं.
त्यातला कुठला घास थुंकणार होते?

एमवायमध्ये डॉक्टर सोजतियांनी
केसपेपरच्या मागे एक फुली काढली.
ही बेरीज नव्हे, म्हणाले, गुणाकार आहे.
बुरशीचं विष एकटं असतं तर निभावलंही असतं.
लहानपणी कधी कावीळ?

झाली होती. चौथीत.
जुन्या इंदौरातल्या एका बाबानं
चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले,
पाणी पिवळं झालं, आई रडता रडता हसली.
त्याच्या आधी, दोनेक महिने असतील,
गल्लीत कंपाउंडर आला होता.
काचेची एक सिरिंज, एक सुई,
स्टोव्हवर जेमतेम कोमट पाणी
आणि गल्लीभरचे दंड.
मी कोठीमागे लपले.
अच्युतनं मला बघितलं,
कुणाला सांगितलं नाही,
आणि बाही वर केली.

सुईतून आलं की आणखी कुठून, कोण सांगणार.
डॉक्टरांनीही सांगितलं नाही.
म्हणाले, माणसामाणसाचं यकृत वेगळं.
कुणाचं विष आलं की धुऊन मोकळं होतं,
कुणाचं हातात धरून बसतं.
मग पेशीच्या पोथीतलं
एखादंच अक्षर बदलतं,
आणि 'थांब' म्हणणारी ओळ
वाचता येईनाशी होते.

अच्युत खिळ्यांच्या छापखान्यात कामाला लागलेला.
ऐकून म्हणाला, एक खिळा?
एका खिळ्यासाठी आम्ही
अख्खा फर्मा मशीनवरून उतरवायचो.
मग भिंतीकडे वळून,
"प्रूफं कुणी तपासली होती, भिया?"
हसला. हसताना
उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला.
तो पौषातला मंगळवार.
फाल्गुन त्यानं पाहिला नाही.

त्याच्या नातीला लस टोचली
तेव्हा तिला मांडीवर मीच घेतलं होतं.
रडली. लपली नाही.
लपता येत नाही अजून तिला.

काल रात्री सराफ्यात
खिचडीत एक कडू दाणा आला.
द्रोण हातात, मागे रांग,
थुंकावा की गिळावा, मला कळेना.
शेवटी रुमालात बांधला.

आज सकाळी, नोंदवहीत न लिहिता,
पेटीत ठेवला, दिवा लावला.
तो काळाच राहिला.
नुसता खवट. निर्दोष.
शेजारी सॅम्पलमधला एक,
गुलाबी, टपोरा,
कुणीही सहज तोंडात टाकला असता असा,
निळा.