तिसरा भाग

वेंगुर्ल्याच्या सरकारी दवाखान्यात
मी रक्त घेते. पगारी.
आठ वाजल्यापासून खिडकीशी दंडांची रांग:
खलाश्यांचे, काजू फोडणारणींचे,
गुबगुबीत, ज्यांत शीर म्हणून सापडत नाही असे.
मी म्हणते, मूठ आवळा, तिकडे बघा,
आणि माणूस हमखास इकडेच बघतो.
आबा गिरप दर महिन्याला विचारतात,
"इतक्या रगात तू नेतंस खंय गो?"

रात्रपाळीला फ्रीज घुरघुरतो.
खणात, कापसाच्या गुंडाळीखाली, कादंबरी.
कव्हरवर एक फिकट मुलगा,
जन्मात कधी वाळूत मासे सुकवायला न बसलेला.
मागे लिहिलंय, वय वर्षे तेरा ते अठरा.
मी छत्तीस.
इंग्रजी बोट ठेवून वाचते,
सुळ्याला काय म्हणतात ते पहिल्याच रात्री शिकले.

तो दोनशे अकरा वर्षांचा आणि अजून अकरावीत.
आमच्याकडे याला नापास म्हणतात.
बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.
त्यात काय, आमचा देवचारही ओलांडत नाही,
रात्रभर शीव राखतो, वहाणा झिजवतो.
पण देवचार कधी म्हणाला नाही
की तुझ्या मानेला सुरंगीचा वास येतो.

मला पाहायला एकजण आला होता, कणकवलीचा.
चहा अर्धा ठेवून त्यानं विचारलं,
"म्हणजे रक्त… सगळ्यांचंच हाताळता? सगळ्या जातींचं?"
मी म्हटलं, बाटलीत सगळं खालीच बसतं.
तो उंबऱ्यातून गेला तो गेलाच.
त्या रात्री दुसऱ्या भागाची साठ पानं वाचली,
हात स्पिरिटनं गार.

ग्रीष्मा कुबल, वय सतरा,
कोळंबी सोलायच्या शेडमध्ये कामाला.
हिमोग्लोबिन सात पॉइंट आठ.
नखं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी.
दोन मिली घेतलं, भीत भीत,
त्याहून जास्त तिच्यात होतंच कुठे.
खण उघडा राहिला होता.
"बाई, ह्याचो दुसरो भाग माझ्याकडे आसा,
शेवटची पानां नाय. शेवटाक चावता की नाय तो?"

शेवटची पानं माझ्याकडे होती,
पण तिथेही तो चावत नाही, नुसता खिडकीत बसतो.
आणि तिसरा भाग
ना तिच्याकडे ना माझ्याकडे ना नगरवाचनालयात.

लोहाच्या गोळ्या ती गटारात टाकायची,
तोंडाला गंज येतो म्हणून.
मग ठरलं: रिकामी पाकिटं दाखव,
पाकिटामागे एक प्रकरण.
न वाचलेला तिसरा भाग मी सांगत सुटले.
तो तिच्यामागून वेंगुर्ल्याला येतो.
रात्रीच्या ट्रॉलरवर लागतो, पहाटे लिलावाआधी
बर्फाच्या कारखान्यात शिरतो, तिथे त्याला घरच्यासारखं वाटतं.
तहान लागली की रतांब्याचं आगळ पितो,
बिनपाण्याचं, बाटलीच्या बाटली,
ओठ लालभडक, आणि पोटात आग.
ग्रीष्मा हसते तेव्हा तिच्या हिरड्या दिसतात,
मी हिरड्यांचा रंग बघून घेते.

श्रावणात आठ पॉइंट सहा.
दिवाळीला नऊ पॉइंट चार.
तोवर त्यानं रापण ओढायला शिकून घेतलं होतं
आणि तिच्या आईनं त्याला
मासे नीट खात नाही म्हणून झापलं होतं.

काल परत आली, बाही वर करून.
"मगे? चावता तिका?"
मी रबर बांधलं.
म्हटलं, आधी विचारतो.
मग म्हणतो, मूठ आवळ, तिकडे बघ.
ती इकडेच बघत राहिली,
सुई शिरताना पापणी न हलवता.

तिसरा भाग मोबाईलवर दिसतो हल्ली, चारशे नव्व्याण्णवला.
मी मागवलेला नाही.
अजून तिला बाराला न्यायचंय.