बाहेर पडल्याची वेळ

आत जायची वेळ इथं लिहा. नाव, गाव, मोबाईल,
माणसं किती, पाणी किती लिटर.
हो, पाण्याचाही रकाना आहे. छापील नाही,
साळुबांनी पट्टी लावून आखला होता, लाल पेनानं.
ते रिटायर झाले. दर नव्या वहीत आता मी आखते.

चौघांत दोन बाटल्या?
मग सही करू नका अजून.
त्या लिंबाखाली बसा, माठातलं घ्या.
साडेअकरा म्हणजे तुमच्या घड्याळात सकाळ असेल,
खाली दरीत कधीच दुपार झाली.

डोंगराचं बरं असतं, दादा.
तो आधी दमवतो, मग दाखवतो.
नाही जमलं तर माणूस अर्ध्यातून फिरतो,
उतारच त्याला घरी आणून सोडतो.
दरी सगळं उधारीवर देते.
पायऱ्या उतरताना पाय आपसूक पडतात,
पोरं शिट्ट्या मारतात, घुमतं म्हणून पुन्हा मारतात,
कातळातल्या हत्तींसोबत फोटो होतात.
मग कधीतरी वर बघावं लागतं.
तेव्हा ती वही काढते.

काळा दगड सकाळभर ऊन खातो
आणि बारानंतर ओकतो:
खालून, बाजूनं, पाठीमागून.
साग उघडा. ओढ्यात नुसते गोटे.
सावली आहे ती कड्याची,
आणि ती चटईसारखी
बसल्या जागेवरून ओढून घेतली जाते.

ताई, अत्तर लावलंय का?
हसू नका. कड्याला आग्या मोहोळं आहेत, सात.
काल दुर्बिणीनं मोजली.

तुम्ही म्हणाल, ही पोरगी फार बोलते.
नवीन होते तेव्हा नव्हते बोलत.
ही जुनी वही बघा, एकोणीस मे.
वैजनाथ गिराम, सेलू. एकटा. पाणी अर्धा लिटर.
आत: बारा दहा.
'तासाभरात आलो, मॅडम,' म्हणाला.
मला पहिल्यांदाच कुणी मॅडम म्हटलं होतं.
मी शिक्का मारला.

साडेचारला साळुबांनी वहीवरून बोट फिरवलं
आणि त्या ओळीवर ते थांबलं.
काही बोलले नाहीत. काठी घेतली,
तांड्यावरची पाच पोरं हाका मारून घेतली.

तो उंबराखाली सापडला. एक बूट पायात,
दुसरा हातात,
आणि त्या बुटातून तो पाणी ओतत होता
वाळूवर, सावकाश, नसलेलं पाणी.
आम्हाला बघून चिडला. म्हणाला, रांगेत या.
साळुबा म्हणायचे, ऊन आधी बोलण्यात शिरतं.
बरोबरचा माणूस उगीच भांडायला लागला
तर त्याच्याशी भांडू नका,
सावलीला न्या, ओला करा, वारा घाला, आम्हाला हाक मारा.

चादरीची झोळी करून वर आणला.
माझ्या ओढणीतलं पाणी त्याच्या कपाळावर पिळत होते
आणि पायऱ्या मोजत होते. आकडा विसरले.
आठला गाडी आली. कन्नड, तिथून घाटी.
पुढं काय, ते कुणी कळवलं नाही.

गडबडीत बाहेर पडल्याची वेळ लिहायची राहिली.
नंतर साळुबा म्हणाले, लिही, आठ.
नाही लिहिली.
त्याचा नंबर त्याच ओळीत आहे, बघा.
दोनदा दाबला, दहावा आकडा सोडून.

उद्या या. सहाला.
पावणेसहाला कुलूप काढते मी.
माणशी तीन लिटर, टोपी, गूळ-शेंगदाणे,
मीठ-साखरेची पुडी.
दहाला वर आलेला बरा.
शिव्या द्यायच्या तर द्या,
पेट्रोलचं मला कळतं,
लातूरवरून आलात तेही पाटीवर दिसतंय.

आणि ती काकडी खाऊन टाका पटकन.
मागं बघू नका. माकडं आलीत.