शहाऐंशी

आमच्या शाळेला एकच खोली, एकच शेगडी,
एकच थर्मामीटर, तोही लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवलेला,
आणि अकरा मुलं.
सगळ्यांत धाकटा एलियो, त्याचे पुढचे दात पडलेत.
सगळ्यांत मोठी ग्रासिएला, तिची नोव्हेंबरात ला पाझला परीक्षा.
बाहेर पठार. वारा. वाळत घातलेल्या लामांच्या लेंड्या.
सगळ्यांना एकाच तासात विज्ञान शिकवायचं
म्हणून मी शेगडीवर पातेलं ठेवते
आणि पाण्यात सात बटाटे सोडते.

एलियोला मी फक्त म्हणते, बघ.
तो बघतो. बुडाशी मोहरीएवढे मणी धरतात,
थरथरतात, सुटतात.
"बाई, पाण्याला घाम आलाय."
मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.
सहा वर्षांच्या माणसाला लगेच उत्तर देणं
म्हणजे त्याच्या हातातली वस्तू काढून घेऊन
त्याला पावती देणं.

मधल्यांना मात्र आकडे लागतात.
आकड्यांशिवाय त्यांना जेवणही जात नाही.
रेमेदिओस वाचते, बासिलियो लिहितो,
मिनिटामागून मिनिट:
एकसष्ट. त्र्याहत्तर. ऐंशी. शहाऐंशी.
शहाऐंशी.
शहाऐंशी.
पाणी खदखदतंय आणि पारा हलायला तयार नाही.
"बाई, हा बिघडला. पुस्तकात शंभर आहे."
"पुस्तकच बिघडलं असेल," बासिलियो म्हणतो.
वर्ग हसतो.

मी नाही हसत.
याच खोलीत, त्याच्याच वयाची असताना
मी पारा इथेच अडलेला पाहिला होता.
स्वतःच्या डोळ्यांनी.
आणि परीक्षेत शंभर लिहिलं.
पैकीच्या पैकी मिळाले.
आईने गल्लीभर सांगितलं, गल्ली म्हणजे चार घरं.
ते गुण अजून टोचतात,
चालताना चपलेत शिरलेल्या खड्यासारखे.

"ग्रासिएला, तुला काय वाटतं?"
ती उठते. फळ्याकडे जात नाही.
एलियोच्या डोक्यावर तळहात ठेवते, दाबते:
"उठ बघू."
तो धडपडतो, चिडतो, उठता येत नाही.
मग ती हात सैल सोडते
आणि तो टुणकन उभा.
"खाली समुद्राकाठी पाण्याच्या डोक्यावर खूप हवा बसलीय.
इथे थोडीशीच. म्हणून लवकर उठतं."

दाराशी म्हातारा तेओफिलो बसलेला.
संध्याकाळच्या वर्गाला तो दुपारीच येतो,
सही शिकायचीय त्याला, अजून पहिल्याच अक्षरावर आहे.
"इथलं पाणी उतावळं," तो म्हणतो.
"उकळायची घाई, शिजवायच्या नावाने बोंब.
म्हणून तर आम्ही झाकणावर दगड ठेवतो."
सत्तर वर्षं उत्तर घेऊन फिरत होता हा माणूस,
प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.
रेमेदिओस दगड आणायला पळाली सुद्धा.

"बाई," ग्रासिएला हळूच विचारते,
"परीक्षेत काय लिहू?"

दोन वर्षांच्या प्रशिक्षणात मला
पाठाचं टाचण काढायला शिकवलं,
फळ्याचे तीन भाग कसे करायचे ते शिकवलं,
तास कसा संपवायचा तेही.
हे नाही शिकवलं.
मी खडू चाचपते. खिशात खडूचा चुराच आहे.
तिला गुण हवेत. ते मिळाले तर ती इथून जाईल,
खाली, जिथे पुस्तक बरोबर असतं.

ती थांबत नाही माझ्यासाठी.
हाताचा आडोसा करून वहीत लिहिते,
पण मला दिसतंच:
समुद्राकाठी शंभर. आमच्या शाळेत शहाऐंशी.
आणि त्याखाली, तपासणाऱ्यासाठी,
तुमच्या खोलीत किती?

मी ते खोडायला सांगत नाही.
ठेव असंही नाही सांगत.

एलियो अजून पातेल्यावर वाकलेला.
"बाई, मणी वर येतात,
मग जातात कुठे?"
मी सुरीने बटाटा टोचून बघते.
आत अजून दडदडीत.
दोन मुठी लेंड्या शेगडीत सारते
आणि त्याच्या शेजारी खाली बसते,
बघायला.