हिरवा दोरा

सफर महिना संपत आला
की माझ्या मशीनला हिरवाच दोरा.
घोरपडे पेठेतल्या या खोलीत
झंडे, पताका, पोरांच्या फेट्यांची झालर,
डझनावर भाव.
सॅटिन निसटतं,
बोटांना ओलं लागल्यासारखं.

या वर्षी मुजम्मिल म्हणाला,
अम्मी, हे काम नको घेऊस.
उभ्या उभ्याच म्हणाला,
कोंढव्याच्या मशिदीत इशा पढून आलेला,
हेल्मेट अजून हातात.
ज्यांनी नबींना डोळ्यांनी पाहिलं
त्यांनी कधी लायटिंग केली का?

मी दातात दोरा धरला होता.
दोरा दातात असला
की बाईला उत्तर न देण्याची सोय असते.

त्याचे अब्बा सबील कमिटीचे खजिनदार.
पावतीपुस्तक मिटून म्हणाले,
त्यांनी माईकवर अजानही दिली नव्हती.
बंद करू?
ती सोय झाली, अब्बा. ही दीनमध्ये भर आहे.
प्रेमाला भर म्हणतोस?
प्रेम म्हणजे सांगितलेलं ऐकणं.
मध्ये कधीतरी नाव आलं,
तेव्हा दोघेही थांबले,
दुरूद पुटपुटले एकाच दमात,
आणि मग पुढे भांडले.
डाळ गार झाली.

वरच्या मजल्यावरच्या बद्रुनखाला
अजून बारावफातच म्हणतात.
आमच्या वेळी माळा नव्हत्या म्हणतात,
फातेहा असायची, खीर,
आणि घरात आवाज बेताचा.
ज्या तारखेला आले त्याच तारखेला गेले,
त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं.
मग हसायचं की रडायचं, खाला?
त्या म्हणाल्या, खिरीत साखर थोडी कमी टाकायची.

विसर्जन त्याच आठवड्यात,
म्हणून जुलूस पुढे ढकलला.
जनरेटरवाले पोपटराव
मंडळाचा मांडव उतरवून
थेट आमच्या गल्लीत शिडी लावून चढले.
भाभी, हिरवे बल्ब कमी पडतायत,
पिवळे चालतील?
मी म्हटलं, बाहेर काहीही चालेल,
फक्त आमच्या घरात विचारू नका.

मुजम्मिल सोमवारी रोजा ठेवतो.
दोन वर्षं झाली.
मी पहाटे उठून त्याला दूधपोळी देते.
या सोमवारी सहज विचारलं,
सोमवारच का रे?
तो सांगायला लागला आणि मध्येच अडखळला.
नबींना कोणी विचारलं होतं...
ते म्हणाले, या दिवशी माझा जन्म झाला.
गॅसवर दूध चढत होतं.
आम्ही दोघांनी दुधाकडे पाहिलं.
मी काही बोलले नाही, शपथ.
तोच म्हणाला,
रोजा वेगळा, डीजे वेगळा.
ते बरोबर आहे.
डीजे मलाही सोसत नाही,
फळीवरची भांडी थरथरतात.

त्याच्या आयटीआयची फी
याच दोऱ्यातून गेली,
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याला माहीत असेल.
माहीत असूनच म्हणाला असेल,
म्हणून तर उभ्या उभ्या म्हणाला.

जुलूसच्या दिवशी तो मागच्या बोळातून
कामावर गेला, हडपसरला.
हे सकाळपासून नाना पेठेत,
सरबताच्या पिंपापाशी.
रात्री घसा पूर्ण बसलेला.
पोराने पाणी गरम केलं, मीठ टाकलं,
पेला त्यांच्या हातात दिला.
किती माणसं होती, विचारलं नाही.
फार गरम नाही ना,
एवढंच विचारलं.
ह्यांनी मान हलवली.
आवाज नव्हता, नाहीतर काहीतरी बोललेच असते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या शर्टांचं काम आलं.
पांढरा दोरा ओवला,
पाय मारला,
वीतभर शिलाई झाल्यावर कळलं,
खाली बॉबिनमध्ये हिरवाच राहिलाय.
वरून पांढरे टाके,
उलटं केलं की हिरवे.
उसवायला ब्लेड घेतलं.
मग म्हटलं,
आतली बाजू आहे.
आणि पुढची बाही जोडायला घेतली.