दोन मीटरच्या वर

सोमवारी गोल्फवाले येत नाहीत.
मे महिना, रिसॉर्ट अर्धं रिकामं,
म्हणून मॅनेजरने तबकडीवाल्यांना दिला सोमवार,
हिरवळीवर पाय ठेवायचा नाही या अटीवर.
हिरवळ म्हणजे भोकाभोवतीची, कातरून मखमल केलेली.
त्यांच्या टोपल्या तिच्याबाहेर उभ्या:
लोखंडी दांडा, वर साखळ्यांची झालर.
रोझारियो म्हणतो, कोंबड्या झाकायला बऱ्या.

रोझारियो कुतिन्यो, कॅडीमास्टर.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहून
उजवा खांदा डाव्याहून दोन बोटं खाली.
त्याला गवत वाचता येतं,
कुठल्या बाजूला झोपलंय, किती ओलं आहे.
"चेंडू जमिनीशी बोलतो," म्हणतो,
"हे ताट कोणाशी बोलणार?"

वाऱ्याशी, मी म्हणत नाही.
मी स्कोअर लिहितो. दिवसाचे तीनशे, आणि दुपारी शीत-कडी.

खेळणारे चौघे. वास्कोचा एक दंतवैद्य.
मडगावच्या दोघी बहिणी, येवेत आणि लुर्दिन.
आणि पुण्याहून आलेला एकजण,
जो फेकून झाल्यावर तबकडीलाच समजावतो:
डावीकडे, अगं, डावीकडे, अगं बाई, डावीकडे...
ती ऐकत नाही.
कधीतरी एखादी टोपलीत शिरते
आणि रहाटाची साखळी हातातून सुटावी
तसा आवाज होतो. मला तो आवडतो.
का, ते विचारू नका.

सातव्या टोपलीकडे जाताना तळपणच्या बाजूने वारा येतो.
लुर्दिनची नारिंगी तबकडी वर गेली,
जरा थबकली, जशी घरी काही विसरलेली बाई वाटेत थबकते,
आणि वळून थेट माडाच्या झावळीत.

नियम मी पाठ केलाय:
दोन मीटरच्या वर अडकली तर एक दंड.
माड चाळीस फुटी. दंड तरीही एकच.
"दुसरी घे," येवेत म्हणाली.
"ती आग्नेलोची आहे," लुर्दिन म्हणाली.
आग्नेलो भाऊ, जहाजावर, नऊ महिने फोन नाही.
मग गुणो पाडेलीला हाक मारली.

गुणो पाहुण्यांच्या डोक्यात नारळ पडू नयेत म्हणून पगारी.
पायात दोरीचा वेढा, कमरेला कोयती,
चढला सरसर. तबकडी काढली, कमरेत खोचली.
आणि उतरेचना.

"काय रे?"
"मेरा दिसतात."
"कसल्या?"
"शेताच्या. यंदा पाणी कमी सोडलंय ना,
जिथं गवत पिवळं, तिथं खाली मेर.
हा वेळिपांचा तुकडा. तो देवळाचा. हा बघ, आमचा,
इथं वायंगणात अळसांदे लावायचे.
आणि ती वाळूची खाच आहे ना,
तिथं तुझ्या आज्याची बाव होती."

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं.
खालून काही दिसत नाही.
खालून नुसतं गवत असतं.

रोझारियो उकिडवा बसला. तळहात फिरवला
जसा घोड्याच्या पाठीवर फिरवतात.
"सव्वीस वर्षं," म्हणाला,
"इथं चेंडू टप्पा चुकवतो.
मी साहेबांना सांगायचो, वारा आहे."
मग बराच वेळ तो काही बोलला नाही,
ताटाबद्दलसुद्धा.

गुणोने वरूनच तबकडी भिरकावली, नारळ टाकतात तशी.
ती गेली, अर्थात, वाळूच्या खाचेत.
"एक शहाळं पडलंय ते माझं," तो वरून ओरडला.

मी खाचेत उतरलो.
वाळू वर तापलेली, टाचेखाली जरा गार,
किंवा मला तसं वाटलं असेल.
तबकडी उचलली.
काठावरचं दाताळं घेऊन
नियमाप्रमाणे माझी पावलं पुसत पुसत
उलटा वर आलो.

मग कार्डावर लिहिलं:
सातवी. लुर्दिन. चार,
अधिक एक.