दोन फूट दीड इंच

युनूसच्या नर्सरीतून ट्रे आला, तीस रोपांचा.
भरताची वांगी, बी बामणोदकडचं.
आणि मागची जागा, धुण्याचा दगड सोडून,
नऊ फूट बाय बारा.

ह्यांनी टेप काढली.
रेल्वेतून सुटून सहा वर्षं झाली,
टेप मात्र अजून ड्यूटीवर.
भिंतीपासून दीड फूट, मग तीन, मग तीन,
प्रत्येक खुणेवर चुन्याची चिमूट.
बारा खुणा झाल्या.
उरलेल्या अठरांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, इतलं दूर काबर?
माझ्या आईनं आयुष्यभर हातानं मोजलं,
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत,
आणि तिचा हात तर आखूड होता.
तरी पाटीभर वांगी निघायची,
शेजारी वाटून वर उरायची.

हे म्हणाले, दुसखेड्याच्या अलीकडे
उन्हाळ्यात रूळ वाढायचा.
दोन रुळांत फट सोडावी लागते,
थंडीत सोडलेली, मे महिन्यासाठी.
नाही सोडली तर रूळ सापासारखा वळतो.
मी म्हटलं, म्हणजे वांग्याचंही तसंच?
तर चिडले.
लोखंड वेगळं, वांगं वेगळं,
उगाच जोडू नकोस.
(जोडलं कोणी होतं?)

बारा लावून झाली.
माती उघडी, मध्ये मध्ये टक्कल.
भाद्रपदातलं ऊन म्हणजे सावद्याला
कोणी सांगायला नको.
अठरा रोपं ट्रेमध्ये, माना टाकून,
लग्नाच्या पंगतीत जागा न मिळालेल्या पोरांसारखी.

सहा वनमालाकडे दिली. तिनं तीन परत पाठवली,
म्हणे कुंड्या नाहीत.
तीन अंगणवाडीच्या झोपेबाईंना,
तीन तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत.
हिशोब करा, नऊ राहिली.
त्यातली तीन संध्याकाळपर्यंत गेलीच.

राहिली सहा.
हे बातम्या बघत होते.
मी मोबाईलचा उजेड तोंडात धरून
(हसू नका, हात मातीत होते)
चार चुन्याच्या चिमट्यांच्या बरोबर मधोमध
एकेक खोचत गेले.
चौकोनही सहाच निघाले.
मला आधी माहीत नव्हतं.

सकाळी दात घासत हे मागच्या दारात उभे.
ब्रश थांबला.
बोट हवेत हलत राहिलं, बारा, तेरा, चौदा...
अठरावर येऊन तोंड धुतलं.
मग टेप आली.
तिरकी लावली, कोपऱ्यापासून मधल्यापर्यंत.
वाकून बराच वेळ बघितलं,
चष्मा वर केला, खाली केला.

“दोन फूट दीड इंच.”

मी चहा गाळत होते, वर बघितलं नाही.
“चालेल,” म्हणाले,
जशी एखादी मालगाडी पास करावी.

आता मार्गशीर्ष.
पानांत पान गेलंय, आत माती दिसत नाही,
पाणीही दोन दिवसांआड पुरतं.
पण तोडायला आत शिरायचं तर
साडी धरली जाते, देठाचे काटे बोटांत राहतात,
आणि मधल्या सहांतलं एक,
भिंतीकडचं,
नुसतं उंच वाढलंय. फूल आलं, गळालं,
पुन्हा आलं, पुन्हा गळालं.

हे म्हणतात, उपट.
मी म्हणते, तुम्ही उपटा.
टेप खिळ्याला लटकलेली.
रोज सकाळी दोघं दारात उभे राहतो,
ते त्या झाडाकडे बघतात,
मी त्याच्या शेजारच्याकडे,
ज्याला एक वांगं लागलंय, हिरवट पांढरं,
पानाखाली, माझ्या हाताच्या अंतरावर.

शनिवारी भरीत करायचं ठरलंय.
तुराटी वनमाला देणार आहे.